नवीन नोकरीला लागलात आणि इंग्रजीतला ‘गेट’ अडतोय? पायरी पायरीने असा सोडवा

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे, घणसोली ह्या पट्ट्यात नोकरीसाठी गावाकडून खूप मुलंमुली येतात आणि त्यातली बरीच मराठी माध्यमातली असतात. मीपण तशीच आले. व्याकरणात मार्क चांगले होते, वाचलेलं कळायचं, पण कॉलवर समोरचा बोलायला लागला की गाडी अडायची, आणि मला वाटायचं आपल्याला मोठे मोठे शब्द येत नाहीत म्हणून अडतंय. तसं नसतं हो. मोठा शब्द एकदा डिक्शनरीत बघितला की संपला, त्याला बहुतेक एकच अर्थ असतो. अडवतात ते हे बारके शब्द, आणि त्यात सगळ्यात जास्त कोण अडवत असेल तर जी-ई-टी गेट. दाराचं गेट नाही, त्यातला ए लांब असतो. हा तोकडा ए वाला, ज्याचा शाळेत आपण अर्थ पाठ केला ‘मिळणे’.

माझ्याबरोबर काय झालं ते सांगते. नोकरीचा दुसरा महिना, रात्रीची शिफ्ट. परदेशातल्या क्लायंटला मी एक रिपोर्ट पाठवला होता आणि तो कॉलवर म्हणाला, “आय डोन्ट गेट इट.” मला वाटलं मेल मिळाला नाही, मी परत पाठवला. तो म्हणाला, “नो नो, आय गॉट इट. आय जस्ट डोन्ट गेट इट.” म्हणजे मिळालाय आणि मिळत नाहीये? मी तिसऱ्यांदा पाठवला. पलीकडे एकदम शांतता. मग आमच्या टीम लीडने हेडसेट घेतला, रिपोर्टमधला चौथा कॉलम कशाचा आहे ते दोन मिनिटांत समजावून सांगितलं आणि कॉल संपला. त्याला मेल कधीच मिळाला होता, रिपोर्ट समजत नव्हता. कोणी मला ओरडलं नाही, पण पहाटे कॅब कळव्याला येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत होतं, एका वाक्यात दोनदा गेट आणि दोन वेगळे अर्थ.

आमच्या मजल्यावर एक बाई राहतात, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. त्यांनी गेटबद्दल काहीच सांगितलं नाही, उलट मलाच विचारलं, “अगं, ‘लागणे’ म्हणजे काय सांग बघू.” मी म्हटलं स्पर्श होणे. मग त्या बोटांवर मोजत सुरू झाल्या, भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, निकाल लागला, डोळा लागला, फोन लागला, दिवे लागले, रडायला लागला, जावं लागतं. “ह्यातला एकतरी तुला कोणी शिकवला होता का? लागणेच्या मागे काय आहे त्यावरून तुला आपोआप कळतं. गेटचं तसंच आहे, फक्त तिथे मागे नाही, पुढे बघायचं. गेटच्या पुढे काय आलंय ते बघ.”

बास, सगळा लेख ह्या एका वाक्यावर आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण मागे बघतो, इंग्रजीत क्रियापद आधी येतं म्हणून पुढे बघायचं. खाली मी पुढे येणाऱ्या गोष्टीप्रमाणेच पायऱ्या केल्यात.

सुरू करण्याआधी काय काय लागेल

एक दोनशे पानी वही. पानावर उभी रेघ मारा, डावीकडे ऐकलेलं इंग्रजी वाक्य, उजवीकडे तेच आपण घरी मराठीत कसं म्हणू ते. शब्दाला शब्द नको, अख्खं वाक्य.

एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली, जिच्यात सोप्या इंग्रजीत अर्थ आणि प्रत्येक अर्थाला वाक्य असतं. फोनवर फुकट मिळते. पुस्तकच हवं असेल तर विकत घ्यायच्या आधी वाचनालयात बघा, ठाण्यात तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. इंग्रजी-मराठी पॉकेट डिक्शनरी ह्या कामाला नको, ती ‘मिळणे, मिळवणे, होणे’ लिहून मोकळी होते आणि कुठे काय ते सांगत नाही.

भाषांतराचं ऍप वापरायचं तर वापरा, पण नुसता ‘गेट’ टाकू नका, पूर्ण वाक्य टाका.

आणि एक माणूस, ज्याला न लाजता विचारता येईल.

पायरी १: पुढे वस्तू आली तर

हा आपला ओळखीचा गेट, पण इथेही एकटं ‘मिळणे’ पुरत नाही. ‘आय गॉट द मेल’ म्हणजे मेल मिळाला, ठीक. ‘आय विल गेट सम मिल्क’ म्हणजे मी दूध घेऊन येते, इथे दूध आपोआप मिळत नाहीये, कोणीतरी उठून डेअरीवर जाणार आहे. ‘गेट मी द फाइल’ म्हणजे मला फाइल आणून दे. ‘शी गॉट डेंग्यू’ म्हणजे तिला डेंग्यू झाला. ‘आय गॉट द नाइन टेन लोकल’ म्हणजे नऊ दहाची लोकल पकडली. आणि वस्तूच्या जागी जोक, पॉइंट, आयडिया असं डोक्यातलं काही आलं तर समजणे, ‘आय डोन्ट गेट द जोक’. ‘इट’ आलं तर मात्र दोन्ही होऊ शकतं, मिळणे किंवा समजणे, तेव्हा आधी बोलणं कशावर चाललं होतं ते आठवायचं. मेल कधीच पोचलाय हे माहीत असेल तर तो माणूस समजण्याबद्दलच बोलतोय. मी हेच चुकले होते.

इथले दोन खड्डे:

‘आय ऍम नॉट गेटिंग यू’ असं आपल्याकडे सगळे म्हणतात आणि आपापसात चालतं. बाहेरच्या लोकांना ते विचित्र वाटतं कारण समजणे ह्या अर्थाने गेटला सहसा आयएनजी लावत नाहीत. ‘आय डोन्ट गेट यू’ पेक्षाही ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणा, ते सगळ्यात सुरक्षित आहे, म्हणजे तुम्ही आत्ता बोललात ते मला नीट कळलं नाही किंवा ऐकू आलं नाही, दोन्हीला चालतं.

दुसरा, ‘आय ऍम गेटिंग कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजायला लागलीये, एसीचं टेंपरेचर वाढवा. ‘आय ऍम गेटिंग अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी होतेय. मध्ये फक्त एक ‘अ’. रजेच्या मेसेजमध्ये तो ‘अ’ विसरू नका.

पायरी २: पुढे विशेषण आलं तर ‘होणे’

टायर्ड, अँग्री, वेट, डार्क, बेटर असे शब्द पुढे आले की गेट म्हणजे होणे, म्हणजे आधी तसं नव्हतं आणि आता तसं झालं. ‘आय ऍम टायर्ड’ मी दमलेली आहे. ‘आय गेट टायर्ड’ मी दमते. आपल्या ‘आहे’ आणि ‘होतो’ मध्ये जो फरक तोच ‘इज’ आणि ‘गेट’ मध्ये. आणि ‘गेटिंग’ असेल तर मराठीतला ‘चाललंय’ आठवा, अगदी चपखल बसतो. ‘इट्स गेटिंग डार्क’ अंधार पडत चाललाय, ‘हिज इंग्लिश इज गेटिंग बेटर’ त्याचं इंग्रजी सुधारत चाललंय. मला हे ‘चाललंय’ सापडलं त्या दिवशी खरंच आनंद झाला होता, कारण इतकी वर्षं मी ‘गेटिंग बेटर’ चं मनातल्या मनात ‘चांगलं मिळत आहे’ करत होते.

इथला खड्डा मोठा आहे आणि रोजचा आहे. ‘मला उशीर होतोय’ ह्याचं आपण करतो ‘आय ऍम गेटिंग लेट’. ठाणे स्टेशनला १० नंबरवर उभं राहून वाशीच्या गाडीची वाट बघताना दहातले नऊ जण हेच टाइप करत असतील. होणे म्हणजे गेट हे बरोबरच धरलं आपण, पण इंग्रजीत उशीर माणसाला ‘गेट’ होत नाही, तिथे म्हणतात ‘आय ऍम रनिंग लेट’. वेळ मात्र गेट होते, ‘इट्स गेटिंग लेट’, म्हणजे बराच उशीर झालाय, रात्र होत चाललीये, निघूया आता. एकात तुम्ही धावपळ करताय, दुसऱ्यात घड्याळ पुढे चाललंय.

‘यूज्ड टू’ पण ह्याच पायरीत धरा. ‘आय ऍम यूज्ड टू द क्राउड’ म्हणजे गर्दीची सवय आहे, ‘आय गॉट यूज्ड टू द क्राउड’ म्हणजे सवय झाली. आहे आणि झाली, परत तेच.

पायरी ३: पुढे ठिकाण आलं तर ‘पोचणे’

‘आय गॉट टू ठाणे ऍट नाइन’, मी नऊला ठाण्याला पोचले. रस्ता विचारायचा तर ‘हाउ डू आय गेट टू सेक्टर फाइव्ह?’ पाठच करून टाका, रोज लागेल. फक्त होम, हिअर, देअर ह्यांच्या आधी ‘टू’ लावत नाहीत. ‘आय गॉट होम’. ‘गॉट टू होम’ नाही.

गाडीत चढण्या उतरण्याचं थोडं सांगते कारण सगळे गोंधळतात. ज्या वाहनात शिरल्यावर उभं राहून चालता येतं तिथे चढताना ऑन, उतरताना ऑफ, म्हणजे लोकल, टीएमटी-एनएमएमटीच्या बस, विमान, बोट. जिथे वाकून शिरून बसावंच लागतं तिथे इन आणि आउट ऑफ, म्हणजे रिक्षा, टॅक्सी, कार. बाइक आणि सायकलवर आपण वरून बसतो म्हणून तिथे परत ऑन आणि ऑफ.

आपण ट्रेनमधून उतरण्याला ‘गेट डाउन’ म्हणतो. ते इथे चालतं, रिक्षावाल्या दादापासून बॉसपर्यंत सगळ्यांना कळतं, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. पण बाहेरच्या माणसाला त्यातून उंचावरून, म्हणजे झाडावरून किंवा शिडीवरून, खाली येणं दिसतं. त्यांच्याशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणायचं.

पायरी ४: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर

इथे जरा बसा, घाई करू नका, कारण हीच पायरी आली तर तुमचं बोलणं एकदम वेगळं वाटायला लागतं.

ह्यात दोन प्रकार. पहिला, गेटला लागूनच तिसरं रूप येतं. गॉट स्टक, गॉट प्रमोटेड, गॉट ट्रान्सफर्ड, गॉट लॉस्ट. म्हणजे आपल्याला काहीतरी झालं, अडकलो, बढती मिळाली, बदली झाली, रस्ता चुकलो. ‘आय गॉट स्टक ऑन घोडबंदर रोड’ हे वाक्य ठाण्यात राहणाऱ्याला वेगळं समजवायला नको. ‘गॉट मॅरिड’ पण ह्यातलंच, आणि त्याच्यापुढे ‘टू’ येतं, ‘विथ’ नाही, आपण ‘च्याशी लग्न’ म्हणतो म्हणून विथ तोंडात येतं. आणि ‘आय गॉट लॉस्ट’ म्हणजे मी वाट चुकले, पण समोरच्याला नुसतं ‘गेट लॉस्ट’ म्हटलं तर तो अपमान आहे, चालता हो. तेव्हा कोणाला काळजीने ‘हरवू नकोस हं’ म्हणायचं असेल तर ‘डोन्ट गेट लॉस्ट’ पूर्ण म्हणा, ‘डोन्ट’ गिळू नका.

दुसरा प्रकार, गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. हा म्हणजे आपलं ‘करून घेणे’.

माझंच उदाहरण देते. सोमवारी ऑफिसला गेले, एकीने विचारलं केस छान दिसतायत, मी म्हटलं, “आय कट माय हेअर.” ती म्हणाली, “युअरसेल्फ?” स्वतः? मला कळेना हिला आश्चर्य का वाटतंय. मराठीत आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं की पार्लरमध्ये कापले. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने कात्री चालवली. दुसऱ्याकडून केलं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम बघा, गॉट, मग माय हेअर, मग कट. वस्तू मध्ये.

हाच साचा सगळीकडे. फोन दुरुस्त करून घेतला, ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’. एसीचं सर्व्हिसिंग करून घ्यायचंय, ‘आय नीड टू गेट द एसी सर्व्हिस्ड’. झेरॉक्स काढून घेतल्या, ब्लाउज शिवून घेतला, लायसन्स रिन्यू करून घेतलं, जिथे जिथे मराठीत ‘करून घेणे’ येईल तिथे हा साचा बिनधास्त लावा. बाईंनी मला एक आठवडा रोज अशी दहा वाक्यं लिहायला लावली होती आणि तेवढ्यातच ते तोंडात बसलं.

एक बारीक गोष्ट. ‘ही गॉट हिज फोन स्टोलन’ ह्याचा साचा तोच आहे, पण कोणी स्वतःचा फोन चोरून घेत नाही ना. वाईट गोष्ट असेल तर अर्थ ‘करून घेतलं’ होत नाही, ‘त्याच्या बाबतीत घडलं’ असा होतो, म्हणजे फोन चोरीला गेला.

पायरी ५: पुढे माणूस, मग टू, मग क्रियापद

‘गेट हिम टू साइन इट.’ माझ्या मॅनेजरने हे मेसेजवर लिहिलं होतं आणि मी ‘गेट हिम’ पर्यंतच वाचून त्या सिनिअरना मॅनेजरच्या केबिनपाशी बोलावून आणलं. वाचायचं पूर्ण होतं, त्यांच्याकडून सही करून घे. म्हणजे हेही करून घेणंच, पण माणूस मध्ये आला की ‘टू’ लागतं.

ह्या गेटमध्ये थोडी विनवणी, थोडा पाठपुरावा असतो. ‘आय मेड हिम साइन’ म्हटलं तर जबरदस्ती वाटते, सही करायला भाग पाडलं. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे समजावलं, मागे लागले, शेवटी केली सही. बघा इथेही मराठीत ‘मागे लागले’. मेडला ‘टू’ नाही, गॉटला ‘टू’ आहे, हे वहीत लाल पेनाने लिहा.

पायरी ६: गेटला लागूनच टू आणि क्रियापद

‘आय गॉट टू सी द फ्लेमिंगोज’, मला फ्लेमिंगो बघायला मिळाले. ऐरोलीच्या खाडीकडे गेलात आणि नशीब असेल तर म्हणाल. हे आपल्या ‘बघायला मिळालं, करायला मिळालं, बोलायला मिळालं’ शी तंतोतंत जुळतं, ह्यावर जास्त वेळ घालवू नका.

पण ‘हॅव’ जोडून ‘आय हॅव गॉट टू गो’ किंवा बोलताना ‘आय गॉटा गो’ आलं तर ते ‘जायला मिळालं’ नाही, ‘मला जायलाच पाहिजे, जावं लागेल’.

इथला खड्डा आहे ‘आय गॉट टू नो’. ‘मला कळलं की तुमची बदली झाली’ ह्याचं आपण ‘आय गॉट टू नो दॅट’ करतो, ऑफिसच्या मेलमध्ये तर हे भरलेलं असतं. बाहेर ‘गेट टू नो’ बहुतेक माणसांच्या ओळखीसाठी वापरतात, ‘वी गॉट टू नो ईच अदर’, आमची हळूहळू ओळख होत गेली. बातमी कळली असेल तर ‘आय हर्ड’ किंवा ‘आय फाउंड आउट’.

पायरी ७: पुढे बॅक, थ्रू, ओव्हर, अलाँग असले शब्द

इथे नियम चालत नाही, हे पाठच करायचे, पण सगळे एकदम नाही. डिक्शनरीत यादी खूप मोठी आहे, ती बघून घाबरू नका, ऑफिसात लागतात ते आधी घ्या.

‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे मी तुम्हाला नंतर कळवतो. परत येतो असं नाही. इंटरव्ह्यू झाल्यावर एचआर हेच म्हणतात आणि गावाकडे फोन करून आपण सांगतो त्यांनी परत बोलावलंय. त्यांनी बोलावलेलं नाही आणि नाकारलेलंही नाही, फक्त कळवू म्हणालेत. आठवडाभराने आपणच नम्रपणे मेल टाकायला हरकत नाही.

‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही. परीक्षेबद्दल बोलणं असेल तर ‘गेट थ्रू’ म्हणजे पास होणे. ‘वी गेट अलाँग’ म्हणजे आमचं पटतं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून, दुःखातून बाहेर पडणे. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे काढून टाकणे, सुटका करून घेणे. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणे, पहिल्या पगारात ठाण्यात भाड्याने राहून जे आपण करतो ते. ‘गेट अवे विथ इट’ म्हणजे चूक करून अंगाला काही न लागता सुटणे. आणि ‘वेक अप’ म्हणजे जाग येणे, ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणे, दोन्हीमध्ये अर्धा तास जाऊ शकतो.

आठवड्याला तीन घ्या. जास्त घेतले की एकमेकांत मिसळतात.

पायरी ८: गॉट का गॉटन

अमेरिकन क्लायंट म्हणेल ‘इट हॅज गॉटन वर्स’, ब्रिटिश म्हणेल ‘इट हॅज गॉट वर्स’. दोन्ही बरोबर. मला आधी गॉटन ही चूक वाटायची, आणि एका अमेरिकन माणसाच्या मेलमध्ये मी ते मनातल्या मनात दुरुस्तही केलं होतं. उलट गॉटन हे जुनं रूप आहे, ब्रिटनमध्ये ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ‘फरगॉटन’ मात्र दोघांकडे राहिलं, कारण फरगेट मधला गेट ह्याच कुळातला आहे. गेट स्वतः इंग्रजीत आला तो नॉर्स भाषेतून, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांच्या बोलीतून.

एक लक्षात ठेवा, ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, अमेरिकेतसुद्धा. तिथे ‘गॉटन’ लावलं तर अर्थ बदलून ‘मिळवली, घेतली’ होतो.

पायरी ९: ऐकताना आणि लिहिताना

अमेरिकन माणूस ‘गेट इट’ असं तोडून म्हणत नाही, कानाला ‘गेडिट’ ऐकू येतं. ‘गेट आउट ऑफ’ चं ‘गेडाउडव’ होतं. ‘आय गॉट यू’ चं ‘गॉच्या’, म्हणजे समजलं मला. कळलं नाही तर तुमच्या कानात दोष नाही, ते बोलतातच तसं. कंपनीची परवानगी असेल तर जुने कॉल परत ऐका, नाहीतर बातम्या आणि मुलाखती ऐका, आणि फक्त गेट पकडायचा एवढंच काम ठेवा, बाकी समजलं नाही तरी चालेल.

लिहिताना उलटं. बोलण्यात गेट जितका जास्त तितकं बोलणं मोकळं वाटतं, पण अर्जात, बँकेच्या पत्रात, अपॉइंटमेंट लेटरच्या उत्तरात गेट कमी करा. मिळणेला ‘रिसीव्ह’, होणेला ‘बिकम’, पोचणेला ‘रीच’. ‘आय हॅव रिसीव्ड युअर लेटर’ पत्रात छान दिसतं. तेच कँटीनमध्ये ‘आय हॅव रिसीव्ड माय टी’ म्हणालात तर लोक वळून बघतील.

पायरी १०: एवढं सोडवून बघा

उत्तर झाकून ठेवा, आधी गेटच्या पुढे काय आलंय ते बघा, मग मराठी करा, आणि मराठी अख्ख्या वाक्याचं.

‘वी गॉट वेट ऍट द स्टेशन.’ पुढे विशेषण, आम्ही स्टेशनवर भिजलो.

‘आय गॉट माय सँडल्स फिक्स्ड.’ वस्तू आणि तिसरं रूप, मी सँडल शिवून घेतल्या. ‘मी शिवल्या’ नाही.

‘शी नेव्हर गॉट टू गो टू कॉलेज.’ लागून टू आणि क्रियापद, तिला कॉलेजला जायला मिळालंच नाही.

‘डिड यू गेट हर मेसेज?’ वस्तू, तिचा मेसेज मिळाला का.

‘आय कॅन्ट गेट द डोअर टू ओपन.’ ह्यावर मी खूप वेळ अडले होते. साचा पायरी ५ चा आहे, फक्त माणसाच्या जागी दार आलंय. दाराची कोणी विनवणी करत नाही, पण किल्ली फिरवून, ढकलून, ओढून बघितलेलं असतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “तू तुझ्या आईला फोनवर कसं सांगशील ते लिही.” मी लिहिलं, काही केल्या दार उघडेना.